गाव पुरस्कारासाठी उतरवताना: एका सरपंचताईंना उत्तर

सरपंचताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. निवडून येऊन आठ महिने झाले. गाव अठराशे वस्तीचं. तरुण मंडळाची इच्छा आहे की गाव स्वच्छता-पर्यावरणाच्या पुरस्कारासाठी उतरवावं. जुनी मंडळी म्हणतात, "बक्षीस घेतलेली गावं पाहिलीत आम्ही, तिसऱ्या वर्षी पुन्हा जैसे थे." मग उतरावं का, उतरायचं तर सुरुवात कुठून करावी, आणि समिती नेमकं काय बघते?

मी पंचायत विभागात विस्तार अधिकारी होतो. नोकरीची बरीच वर्षं तालुक्याच्या, पुढे जिल्ह्याच्या तपासणी समित्यांबरोबर गावं फिरण्यात गेली. काही गावं मी स्पर्धेसाठी तयार केली, काहींना गुण दिले, आणि त्यातल्या बऱ्याच गावांत पुढे तीन-चार वर्षांनी बदलीच्या निमित्तानं किंवा लग्नकार्याला पुन्हा गेलो. म्हणून सांगतो, जुन्या मंडळींचं म्हणणं खरं आहे. ते मनावर घ्या आणि तरीही उतरा. त्यांना उत्तर मात्र आधी शोधून ठेवा. स्पर्धेचा अर्ज भरण्याआधी ग्रामसभेत एकच विषय ठेवा: बक्षीस लागो न लागो, तिसऱ्या वर्षी हे काम कोण करणार आणि पैसे कुठून येणार? ज्या कामाला याचं उत्तर नाही ते काम स्पर्धेपुरतं करू नका.

पुरस्कारानं गावाला खरोखर काय मिळतं, तर तारीख मिळते. गटाराचं काम करायचंय असं गाव दहा वर्षं पारावर बसून बोलत असतं. कुणीतरी येऊन सांगतं की अमुक तारखेला तपासणी आहे, आणि महिन्याभरात काम उभं राहतं. पाणी फाउंडेशनच्या वॉटर कपमध्ये, म्हणजे पाणी अडवण्याच्या कामांच्या गावागावांतल्या स्पर्धेत, हे सगळ्या महाराष्ट्रानं पाहिलं. २०१६ साली वरूड, अंबाजोगाई आणि कोरेगाव या तीनच तालुक्यांत सुरुवात झाली आणि कोरेगाव तालुक्यातलं वेळू पहिलं आलं. पुढच्या वर्षी तीस तालुके झाले आणि वर्ध्याच्या आर्वी तालुक्यातलं काकडदरा जिंकलं, मग माण तालुक्यातलं टाकेवाडी, २०१९ ला बार्शी तालुक्यातलं सुर्डी. पहिलं वर्ष सोडलं तर ८ एप्रिल ते २२ मे, भर उन्हाळ्याचे ४५ दिवस. एरवी एकमेकांच्या बांधावर न जाणारी माणसं पहाटे टिकाव-फावडं घेऊन एकाच चरीत उतरली. बक्षिसाची रक्कम मोठी होती हे खरं, पण बहुतेक गावांना बक्षीस मिळणार नव्हतं आणि ते त्यांना ठाऊकही होतं. त्यांना बांधून ठेवलं ते तारखेनं, शेजारच्या गावानं, आणि आधी दिलेल्या प्रशिक्षणानं. प्रशिक्षणाचा भाग लोक विसरतात. पाणी मुरवायला उताराला आडवा समतल चर कसा आखायचा हे गावातली चार माणसं आधी शिकून आली होती, म्हणून घाम वाया गेला नाही.

आपल्याकडे या सगळ्याचं मूळ २०००-०१ मध्ये सुरू झालेल्या संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियानात आहे. आर. आर. पाटील, म्हणजे आपले आबा, तेव्हा ग्रामविकासमंत्री होते. अभियानाला नाव दिलं ते अशा माणसाचं, जो गावात शिरला की आधी हातात खराटा घ्यायचा, दिवसभर गाव झाडायचा आणि रात्री कीर्तनाला उभा राहायचा. १९५६ साली बाबा गेले, पण माझ्या लहानपणी त्यांचं कीर्तन ऐकलेली माणसं गावोगाव होती. त्या नावामुळे सुरुवातीच्या वर्षांत अभियानाला एक वेगळीच धार होती. सरपंच, शिक्षक, तलाठी सगळे खराटा घेऊन रस्त्यावर उतरले. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशा पायऱ्या होत्या, त्यामुळे राज्यात नंबर आला नाही तरी तालुक्यात मान मिळायचा. मग हागणदारीमुक्त गावांसाठी केंद्राचा निर्मल ग्राम पुरस्कार आला, २००३ साली जाहीर झाला आणि २००५ मध्ये पहिल्यांदा दिला गेला. त्यात महाराष्ट्रातली गावं देशात सर्वांत जास्त. २००७ पासून तंटामुक्त गाव मोहीम. २०१६ मध्ये स्मार्ट ग्राम योजना, जिला पुढे आबांचंच नाव मिळालं. २ ऑक्टोबर २०२० पासून भूमी, वायू, जल, अग्नी, आकाश या पंचतत्त्वांवर आधारलेलं माझी वसुंधरा अभियान. सप्टेंबर २०२५ पासून मुख्यमंत्री समृद्ध पंचायतराज अभियान. प्रत्येकाची गुणपत्रिका वेगळी आहे, ती तुमच्या ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडून मागून घ्या आणि स्वतः वाचा. पण सगळ्या गुणपत्रिका एकावर एक ठेवल्या तर तळाला तीच पाच-सहा कामं उरतात: पिण्याचं पाणी, सांडपाणी, कचरा, शौचालयाचा वापर, झाडं, आणि ग्रामपंचायतीचा कारभार. ही कामं नीट असतील तर गाव कुठल्याही स्पर्धेत उभं राहतं. एकेका योजनेच्या मागे धावून वर्षातून तीनदा गाव रंगवायची गरज नाही.

आता समिती काय बघते ते. भिंतीवरच्या घोषणा आणि रांगोळ्या समितीनं शंभर गावांत पाहिलेल्या असतात. मी स्वतः पहिल्या दहा मिनिटांत ज्या जागी जायचो त्या सांगतो. एसटी स्टँडच्या मागची बाजू. शाळेतल्या मुलींच्या शौचालयात पाणी आहे का. अंगणवाडीत हात धुवायला मुलांच्या उंचीचा नळ आहे का. नळयोजनेच्या शेवटच्या टोकाचं घर. आणि स्मशानभूमीचा रस्ता, कारण तो दाखवण्याच्या यादीत कधीच नसतो.

घरातलं शौचालय वापरात आहे की नाही हे कळायला कुणाला विचारावं लागत नाही. आत बादली ओली आहे का, कडीला हात लागल्याची झळाळी आहे का, कोपऱ्यात कोळ्याचं जाळं आहे का, एवढं पुरतं. निर्मल ग्राम झालेल्या एका गावात मी पाच वर्षांनी गेलो, तेव्हा आळीतल्या निम्म्या शौचालयांत गोवऱ्या आणि सरपण रचलेलं होतं. लोकांना दोष देणं सोपं होतं. कारण शोधलं तर निघालं की बहुतेकांनी एकच खड्डा घेतला होता आणि तो भरला की पुढे काय याची धास्ती होती, म्हणून घरातली पुरुष मंडळी पुन्हा शेताकडे जाऊ लागली आणि मग हळूहळू सगळेच. दोन खड्ड्यांचं शौचालय असेल तर एक भरला की पाणी दुसऱ्यात वळवायचं, पहिल्यातल्याचं वर्ष-दीड वर्षात खत होतं, वास येत नाही. हे बांधताना कुणी समजावून सांगितलं नव्हतं. उद्दिष्ट पूर्ण करायची घाई होती. तुमच्या गावात किती घरांना एकच खड्डा आहे याची यादी करा. ती यादी पुरस्काराच्या फाइलमध्ये कुणी मागणार नाही, पण गावाची घसरण तिथूनच सुरू होते.

पाण्याची एक आठवण कधीच विसरलो नाही. गाव चकाचक होतं, कमानीपासून देवळापर्यंत फुलांच्या कुंड्या. टोकाच्या घरी एका आजींकडे प्यायला पाणी मागितलं. त्यांनी तांब्या भरून दिला आणि आनंदानं म्हणाल्या, "आज आठ दिवसांनी नळाला पाणी आलं बाबा, तुम्ही येणार म्हणून सोडलंय." त्या गावाचे गुण मी तिथेच कमी केले, पण आजींच्या चेहऱ्यावरचा आनंद पाहून मला जास्त वाईट वाटलं. तपासणीच्या दिवशी पाणी सोडता येत होतं, म्हणजे एरवीही सोडता आलं असतं.

म्हणून पाणी पहिलं. टीसीएल, म्हणजे पाणी शुद्ध करायच्या ब्लिचिंग पावडरचा साठा आणि नोंदवही रोजची ठेवा, तपासणीच्या आदल्या रात्री एकाच शाईनं भरलेली वही ओळखू येते. हजार लिटरला साधारण पाच ग्रॅम टीसीएल, अर्धा तास थांबून मग पाणी सोडायचं, आणि शेवटच्या नळावर ओटी टेस्ट करायची, म्हणजे तिथपर्यंत क्लोरीन पोचला का ते कळतं. पावडर जुनी असेल किंवा पोतं उघडं राहिलं असेल तर तिच्यातला क्लोरीन उडून गेलेला असतो, मग माप बरोबर असूनही उपयोग होत नाही. तुम्हाला हिरवं, पिवळं, लाल कार्ड माहीत असेल, आरोग्य विभाग पाण्याच्या स्वच्छता सर्वेक्षणानंतर देतो ते. सलग पाच वर्षं हिरवं कार्ड राहिलं आणि गावात साथ आली नाही तर चंदेरी कार्ड मिळतं. त्यात ढोल-लेझीम नाही, स्टेज नाही, लाखांचा धनादेश नाही. माझ्या दृष्टीनं मात्र तो आपल्याकडचा सर्वांत कसाचा मान आहे, कारण तो एका मोसमात मिळवता येत नाही. तुमच्या तरुण मंडळाला पाच वर्षांचं ध्येय द्यायचं असेल तर हे द्या.

सांडपाण्याचं काम घरोघरच्या शोषखड्ड्यांनी होतं. नांदेड जिल्ह्यात हिमायतनगर तालुक्यातल्या टेंभुर्णी गावानं हे करून दाखवलं आणि पुढे तो नांदेड पॅटर्न म्हणून ओळखला गेला: चार फूट लांब, चार फूट रुंद, चार फूट खोल खड्डा, मध्ये छिद्रं पाडलेली सिमेंटची टाकी, भोवती दगड. रस्त्यावरचं पाणी गेलं, गटारं गेली, डास कमी झाले. पण नकल करताना दोन गोष्टी सांभाळा. काळ्या मातीत पाणी मुरत नाही, मुरूम लागेपर्यंत खोल जावं लागतं, नाहीतर त्या घराचं पाणी परसबागेत वळवणं बरं. दुसरं, खड्ड्याच्या तोंडाशी गाळ अडवायला जाळी हवीच. भांडी घासल्याचं खरकटं आणि साबणाचा फेस थेट आत गेला की दोन पावसाळ्यांत खड्डा तुंबतो. ती जाळी आठवड्याला साफ करणं हे घरातल्या बाईच्या वाट्याला येतं, म्हणून खड्डा कुठे घ्यायचा, जाळी कशी बसवायची हे महिला ग्रामसभेत ठरवा. पुरुषांनी ठरवलेले खड्डे मी बरेच तुंबलेले पाहिलेत. आणि पिण्याच्या विहिरीपासून, हातपंपापासून दूर, हे सांगायची गरज नसावी, तरी सांगतो.

कचऱ्यात ओल्याची चिंता खेड्यात फारशी नसते, गुरं आणि उकिरडा त्याची सोय लावतात. अडचण प्लॅस्टिकची आहे. घंटागाडी फिरते, गाणं वाजतं, आणि ती गाडी गावाबाहेरच्या ओढ्यात रिकामी होते, मग कुणीतरी काडी लावतो. घंटागाडी घेण्याआधी तिचं शेवटचं ठिकाण ठरवा. स्वच्छ भारत मिशनच्या दुसऱ्या टप्प्यात तालुक्याला एक प्लॅस्टिक प्रक्रिया केंद्र अपेक्षित आहे. तुमच्या तालुक्यातलं चालू आहे का, महिन्यातून कितीदा उचलतील, किती निवडलेलं लागतं, हे पंचायत समितीत जाऊन विचारा. वेंगुर्ल्याच्या नगर परिषदेनं कचरा घरातच वेगळा करायची सवय लावली आणि तिथल्या कचरा डेपोची अशी जागा झाली की बाहेरगावचे लोक ती पाहायला जाऊ लागले. त्यांनी आधी वर्गीकरण पक्कं केलं. यंत्रं त्यानंतर.

आता जे मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं आणि जे कुठल्याही मार्गदर्शक पुस्तिकेत नीट येत नाही ते बोलतो. गाव म्हणजे कुठपर्यंत? एका गावात आम्हाला देवळापासून शाळेपर्यंत फिरवलं, हार घातले, आणि गाड्यांकडे नेऊ लागले. मी विचारलं, मागासवर्गीय वस्ती कुठे? तर "ती तिकडे, रस्ता जरा खराब आहे साहेब." आम्ही चालत गेलो. तिथे एका नळावर चाळीस घरं, गटार उघडं, दिवा नाही. आणि संध्याकाळी कळलं की गावठाण झाडायला रोज पहाटे याच वस्तीतल्या बायका येत होत्या. त्याला गावानं श्रमदान म्हटलं होतं. गाडगेबाबांच्या नावाच्या अभियानात हे घडावं याची मला आजही लाज वाटते. ग्रामस्वच्छता अभियानात सामाजिक एकतेसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नावाचा स्वतंत्र पुरस्कार ठेवला गेला त्याचं कारण हेच आहे.

तुम्ही काम सुरू कराल ते गावाच्या त्या टोकाकडून करा. पहिला शोषखड्डा वस्तीत, पहिला दिवा वस्तीत, पहिली झाडं वस्तीच्या रस्त्याला. आणि झाडायला पहिल्या दिवशी पाटलाच्या, सावकाराच्या, माजी सरपंचाच्या घरचं माणूस उभं राहू द्या, तुमच्या घरचं तर आधी. श्रमदानाची नोंदवही ठेवा, तीत घराप्रमाणे नावं लिहा. कोणत्या आळीतून कुणीच आलं नाही हे चार आठवड्यांत आपोआप दिसेल. मग त्या घरी जाऊन बसा, चहा घ्या, कारण ऐका. बहुतेक वेळा कारण कामाचा कंटाळा नसतो, जुना राग असतो.

त्यावरून गटा-तटांचं. तिसऱ्या वर्षी गाव का घसरतं याचं पहिलं कारण मी वर सांगितलं, देखभालीची तजवीज नसते. दुसरं कारण राजकारणाचं आहे. स्पर्धा सरपंचाच्या नावावर जिंकली जाते. कमानीवर त्याचं नाव, फोटोत फेटा त्याचा, पेपरात मुलाखत त्याची. पाच वर्षांनी दुसरं पॅनेल निवडून येतं, आणि त्यांच्या लेखी ती झाडं, ती घंटागाडी, ती वाचनालयाची खोली हे सगळं विरोधकांचं काम असतं. मुद्दाम कुणी मोडत नाही, फक्त पाणी घालणं बंद होतं. म्हणून ताई, पुरस्काराच्या समितीत तुमच्याविरुद्ध पडलेल्या पॅनेलची माणसं पहिल्या दिवसापासून घ्या, आणि नुसती सदस्य म्हणून नको, जबाबदारी देऊन. झाडांचं काम त्यांच्याकडे, हिशेबाची वही त्यांच्याकडे. तुमच्या माणसांना हे रुचणार नाही. पण ज्यानं हिशेब ठेवला तो पुढे हिशेबावर संशय घेत नाही, आणि ज्याच्या देखरेखीत झाड जगलं तो सत्तेत आला तरी त्याला पाणी घालतो. बक्षीस घ्यायला स्टेजवर जाल तेव्हा त्यांना बरोबर न्या. फ्लेक्सवर फोटो छापायचेच असतील तर सफाई कर्मचाऱ्याचा आणि पाणी सोडणाऱ्या शिपायाचा छापा.

पैशाचं गणित साधं मांडून दाखवतो. समजा गावात चारशे घरं आहेत. घंटागाडीचा चालक, मदतनीस, डिझेल आणि दुरुस्ती मिळून महिन्याला वीस हजार धरले तर वर्षाला दोन लाख चाळीस हजार होतात. घरटी सहाशे, म्हणजे महिन्याला पन्नास रुपये. हा आकडा ग्रामसभेत फळ्यावर लिहा आणि विचारा, द्याल का? हो म्हणाले तर गाडी घ्या. नाही म्हणाले तर गाडी घेऊ नका, आठवड्यातून दोनदा बचत गटाच्या हातगाडीनं प्लॅस्टिक गोळा करा, तेही चालतं. बक्षिसाच्या पैशातून पगार देण्याची चूक करू नका. ते पैसे एकदाच येतात. वित्त आयोगाच्या निधीलाही त्याच्या अटी असतात. रोजची देखभाल घरपट्टी-पाणीपट्टीतूनच भागली पाहिजे.

वसुलीसाठी धाक दाखवण्यापेक्षा सेवा दाखवणं बरं. संभाजीनगरजवळच्या पाटोद्यात सरपंच भास्करराव पेरे पाटलांच्या काळात पूर्ण कर भरणाऱ्या घराला वर्षभर दळण मोफत अशी योजना केली, ती तुम्ही ऐकली असेल. लोक ती गंमत म्हणून सांगतात, पण आत हिशेब आहे: कर वेळेवर आला की ग्रामपंचायतीच्या हातात पैसा राहतो आणि गिरणीचा खर्च त्यापुढे काहीच नसतो. तुमच्या गावात गिरणी नको असेल, गरम पाणी असेल, शेतमालाचा वजनकाटा असेल. बाया सांगतील काय हवं ते.

बक्षीस लागलंच तर त्या रकमेचं काय, हेही आधीच ठरवून ठरावात घ्या. नंतर ठरवायला बसलात तर कमान, सभामंडप आणि पेव्हर ब्लॉक एवढेच विषय निघतात. मी सुचवेन की मोठा भाग अशा कामात जावा ज्यानं दर महिन्याचा खर्च कमी होतो. पाणीपुरवठ्याच्या पंपाला आणि पथदिव्यांना सौरऊर्जा हे त्यातलं पहिलं, कारण वीजबिल थकलं की पाणी बंद होतं आणि पाणी बंद झालं की बाकी सगळं कोसळतं. पाटण तालुक्यातलं मान्याचीवाडी हे चिमुकलं गाव २०२४ मध्ये राज्यातलं पहिलं सौरग्राम झालं. त्याआधी कितीतरी वर्षं तिथली माणसं छोटी-छोटी कामं न सोडता करत होती.

पर्यावरणाच्या बाबतीत एक सावधगिरी. पाणी अडवलं की काम संपलं असं समजू नका. अडवलेलं पाणी कोण उपसणार याचा नियम नसेल तर दोन वर्षांत नव्या बोअर पडतात, ऊस वाढतो आणि मे महिन्यात पुन्हा टँकर. हिवरे बाजारमध्ये १९८९ पासून पोपटराव पवारांनी आणि गावानं जे केलं त्यातलं बांध-बंदिस्तीचं काम सगळे पाहून येतात. मला तिथली शिस्त जास्त मोलाची वाटते. शेतीसाठी बोअर घ्यायची नाही, ऊस लावायचा नाही, दरवर्षी पाऊस आणि विहिरींची पातळी मोजून पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे मांडायचा आणि त्यावरून रब्बीत काय पेरायचं ते ठरवायचं. पाणी फाउंडेशननंही वॉटर कपनंतर माती, गवत, पीक, पाण्याचा वापर असा पसारा धरून समृद्ध गाव स्पर्धा घेतली, ती ४५ दिवसांच्या कितीतरी पट मुदतीची होती. तुमच्या शाळेत एक पर्जन्यमापक बसवा. मुलं रोज आठला मोजतील, फळ्यावर लिहितील. खर्च नगण्य आहे, आणि गावाला स्वतःचा पाऊस कळतो.

झाडांचं फार बोलत नाही. पाचशे लावून शंभर जगवण्यापेक्षा दीडशे लावून दीडशे जगवा. देशी लावा. पहिले दोन उन्हाळे कोण पाणी घालणार त्याचं नाव झाडाला बांधा.

कागदपत्रांचं काम कंटाळवाणं असतं, पण माझी वसुंधरासारख्या अभियानात आधी कागदांची आणि फोटोंचीच छाननी होते, म्हणून सोडून चालत नाही. आजच्या आज गावातल्या वीस जागा ठरवा आणि दर महिन्याच्या एक तारखेला त्याच जागेवरून, त्याच कोनातून फोटो काढा. दहावी-बारावीची दोन पोरं हे काम उत्तम करतात. वाईट फोटोही जपा. बाहेरचा सल्लागार पैसे घेऊन फाइल तयार करून देतो म्हणाला तर नम्रपणे नाही म्हणा. त्याच्या दहा गावांच्या फायली शब्दाशब्दाला सारख्या असतात आणि समितीला ते पहिल्या पानावर कळतं. सादरीकरण गावच्याच माणसानं करावं, बोली भाषेत, अडखळत केलं तरी चालेल. ज्या गावात सातवीतली मुलगी मला शोषखड्ड्यापाशी घेऊन गेली आणि जाळी काढून दाखवली त्या गावाला मी काहीच विचारलं नाही. समितीसाठी जेवणावळ, फेटे, फटाके नकोत. तो पैसा गावाचा आहे.

आणि नंबर नाही आला तर? आयर्लंडमध्ये १९५८ पासून 'टायडी टाउन्स' नावाची गावांची स्पर्धा चालते. तिथे भाग घेणाऱ्या प्रत्येक गावाला परीक्षकाचा लेखी अहवाल मिळतो, कोणत्या बाबीला किती गुण आणि पुढच्या वर्षी काय सुधारा, आणि तो सगळ्यांना वाचता येतो. गावं तो अहवाल घेऊन वर्षभर काम करतात. आपल्याकडे बहुधा नुसता निकाल येतो. मी नोकरीत असताना, नियमात नसलं तरी, हरलेल्या गावांना दोन पानं लिहून द्यायचो. काही गावांनी ती पानं जपून ठेवली आणि पुढच्या वेळी माझ्यासमोर ठेवली, प्रत्येक ओळीपुढे झालं-नाही झालं अशी खूण करून. तुम्ही समितीकडून असं लेखी मागा. दिलं नाही तर शेजारच्या तालुक्यातल्या दोन-तीन सरपंचांना बोलवा, त्यांना मोकळेपणानं गाव पाहू द्या आणि त्यांनी लिहिलेलं ग्रामसभेत वाचून दाखवा. मोबदल्यात तुम्ही त्यांच्या गावाला जा. या देवाणघेवाणीतून जे शिकायला मिळतं ते आमच्या तपासणीतून कधी मिळालं नाही.

तुमच्या गावाबद्दल विचाराल तर यंदा उतरा, पण राज्यस्तराचं मनात धरू नका, तालुक्यापुरतं ठेवा. पुढच्या ग्रामसभेत तीनच ठराव घ्या: रोजचं टीसीएल आणि शेवटच्या नळावरची तपासणी, वस्तीपासून सुरू होणारे शोषखड्डे, आणि प्लॅस्टिकचं ठरलेलं ठिकाण. ग्रामसभेला गणपूर्ती लागते, एकूण मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर यांतली कमी असेल ती. पण आदल्या दिवशीच्या महिला ग्रामसभेला गर्दी झाली तर दुसऱ्या दिवशी गणपूर्तीची काळजी उरत नाही, म्हणून वेळ बायकांच्या सोयीची ठेवा, शेतातून परतल्यावरची. त्याआधीच्या आठवड्यात एकदा पहाटे सहाला, कुणालाही न सांगता, एकट्यानं गाव पायी फिरा आणि जे दिसेल ते वहीत लिहा. ती वही मला पाठवलीत तर कोणत्या कामाला आधी हात घालायचा ते आपण एकत्र बसून ठरवू.